डावा हात कोणाचा होता

संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास हॉलच्या मागच्या कोठीत क्रेनवाल्याला त्याच्या मेहुण्याने बर्फ फोडायच्या हातोडीने मारलं. क्रेनवाला तिथेच, बर्फाच्या लादीशेजारी मेला. कोठी आणि हॉल यांच्यामध्ये एक लाकडी भिंत आहे. भिंतीच्या अलीकडे त्या वेळी पियानो वाजत होता. तो थांबला नाही.

मेहुण्याने काही नाकारलेलं नाही. हातोडी त्याने स्वतःच पोलिसांच्या हातात दिली. का मारलंस, ह्याचं उत्तर त्याने एका वाक्यात दिलं, "आणखी किती वाट बघायची होती?" तेव्हा खून कोणी केला, हा ह्या प्रकरणातला प्रश्न नाही. प्रश्न पियानोचा आहे. पियानोवर मयताची बायको, म्हणजे मारणाऱ्याची थोरली बहीण बसली होती, आणि पियानो मधेच थांबला असता तर क्रेनवाला बहुधा आज जिवंत असता.

ते कसं, हे समजायला हॉलची रीत माहीत हवी.

हॉल पहिल्या मजल्यावर आहे. खाली टायरचं दुकान. बाजूने लोखंडी जिना वर जातो आणि जिन्याच्या पायथ्याशी स्टूल टाकून दरवान बसतो. त्याला सगळे पैलवान म्हणतात. कुस्ती आपण फक्त टीव्हीवर पाहिली आहे, असं तो स्वतःच सांगतो. वर काय चाललंय ते त्याला दिसत नाही, आणि टायरवाल्याचा हवेचा पंप सुरू असला की आरडाओरडाही ऐकू येत नाही. पियानोचा खालचा जाड सूर मात्र जिन्याच्या लोखंडातून त्याच्या पाठीपर्यंत पोचतो. काही वर्षांपूर्वी वर मारामारी झाली, तेव्हा बारमागची घंटा दाबायला धावलेल्या माणसाच्या डोक्यातच बाटली फुटली. तेव्हापासून ठरलं की पियानो हीच घंटा. गाणं नीट संपून थांबलं तर काही नाही. मधेच तुटलं, तर पैलवानाने लोखंडी नळी घेऊन वर यायचं. वाजवणाऱ्याने उठायचं नाही, ओरडायचं नाही, नुसते हात उचलायचे. वाजवणारे, बारवरचा माणूस आणि पैलवान सोडले तर ही रीत कोणाला माहीत नव्हती. ह्या रीतीने याआधी माणसं वाचवली आहेत.

त्या संध्याकाळी पैलवान वर गेला नाही, कारण जिन्याचं लोखंड हलत राहिलं.

"डावा हात एकदाही तुटला नाही," त्याने जबाबात सांगितलं. "तुटला असता तर मी बसून राहिलो असतो का, साहेब? मला पगार कसला मिळतो मग?"

डॉक्टरांच्या मते पहिला घाव खांद्यावर बसला आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. त्याने माणूस मरत नाही, ओरडतो. क्रेनवाला ओरडला. हॉलमध्ये पत्ते खेळत बसलेल्या गिऱ्हाइकांनी ती किंकाळी ऐकली आणि ते टेबलाखाली शिरले. मग दुसरी किंकाळी आली, पहिलीहून बारीक. डोक्यावरचे घाव त्याच्यानंतरचे आहेत. दोन किंकाळ्यांच्या मधे पैलवान सावकाश जिना चढून आला असता तरी पोचला असता.

पोलिसांचं म्हणणं असं, की बहीणभावांनी मिळून ठरवलं. भावाने मारायचं, बहिणीने वाजवत राहायचं. बहीण म्हणते, पहिली किंकाळी ऐकताच मी दोन्ही हात उचलले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकत नाहीत, आणि तिने पुढचं आयुष्य आत काढायचं की बाहेर, ते ह्यावर ठरणार आहे.

ती पत्र्याच्या बिजागऱ्या बनवणाऱ्या कारखान्यात प्रेसवर, म्हणजे पत्रा कापायच्या यंत्रावर काम करायची. हॉलमध्येही तिला प्रेसवाली म्हणूनच ओळखत. ह्या यंत्राला दोन बटणं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. एखादा हात मधे राहू नये म्हणून केलेली ती सोय. तिच्या शेजारच्या यंत्रावरच्या बाईने काम लवकर उरकावं म्हणून एक बटण काडी खुपसून दाबून ठेवलं होतं. दुपारच्या सुट्टीच्या जरा आधी त्या बाईची चार बोटं पत्र्याबरोबर कापली गेली. ती ओरडली तेव्हा ओळीतल्या सगळ्या बायकांचे हात एकदम वर गेले. कारखान्यात तसंच शिकवतात. कोणी ओरडलं, की आधी दोन्ही हात वर, मग बघायचं काय झालं.

तेव्हापासून प्रेसवालीचे हात कुठेही वर जायचे. रस्त्यात एखाद्या गाडीने कचकन ब्रेक लावला तरी. नवऱ्याला ह्याची भारी गंमत वाटे. क्रेनच्या केबिनमध्ये बसून दिवसभर खालच्यांवर ओरडायची त्याला सवय. मित्र जेवायला आले की तो मधेच "ए!" करून ओरडायचा. तिच्या हातातलं भांडं खाली, हात डोक्यावर. "बघा, न शिकवता शिकलेलं जनावर," म्हणून तो हसायचा. मित्र गेल्यावर सांडलंस म्हणून मारायचा. एकदा बरगडी मोडली, एकदा कानाचा पडदा फाटला. दोन्ही वेळा तिने इस्पितळात जिन्यावरून पडले असं सांगितलं. त्यांचं घर तळमजल्यावर आहे.

पाळी सुटली की ती घरी जायचं टाळून हॉलवर येऊन बसे. भाऊ तिथे बार सांभाळायचा. दुपारी हॉल रिकामा असे आणि हॉलचे पियानोवाले मास्तर एकटेच वाजवत बसलेले असत. मास्तरांनी सगळी उमर असल्याच जागांत काढली. बायको नाही, मूल नाही. एक भाड्याची खोली आणि एक डावा हात एवढाच आपला संसार, असं ते म्हणत. एका दुपारी मान न वळवता ते तिला म्हणाले, "बसलीच आहेस तर फुकट बसू नकोस. इकडे ये, डाव्या हाताला काम देतो."

"मला नाही हो येत, मास्तर."

"येत असतं तर बोलावलं असतं होय? माझ्या पोटावर पाय आणायला?"

त्यांनी तिला पहिल्यांदा डाव्या हाताची चाल दिली. सा, ग, प, ध, कोमल नी, आणि त्याच पायऱ्यांनी खाली. कोणी मागे लागल्यासारखं चालायचं, पण पळायचं नाही. आठ ठोके चाललं की एक घर झालं. 'घर' हा मास्तरांचा स्वतःचा शब्द. चार घरं सा वर, दोन म वर, परत दोन सा वर, मग एक प वर, एक म वर, आणि शेवटची दोन पुन्हा सा वर, म्हणजे आपल्या घरी. बारा घरं हिंडून आलं की फेरी पुरी. पुन्हा पहिल्यापासून. "मधल्या घरात मुक्काम करायचा नाही," ते बजावत. "तिथे कोणी आपलं नसतं."

उजव्या हाताला त्यांनी सहाच सूर दिले. सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नी. तीव्र मध्यमाला ते काटा म्हणत. काट्यावर उभं राहायचं नाही, टोचला की पुढे. दोन्ही हात पहिल्यांदा एकत्र आले तेव्हा डाव्यात शुद्ध ग आणि उजव्यात कोमल ग एकावर एक आदळले. ती चपापली.

"चुकलं ना?"

"चुकलं नाही. भांडण आहे ते. भांडण चालू ठेवायचं, पण कोणी कोणाला मारायचं नाही. एवढं जमलं की गाणं झालं."

"असलं घर मी नाही पाहिलं," ती म्हणाली. मास्तरांनी तिचा डावा हात पुन्हा सा वर नेऊन ठेवला.

खरी अडचण तिच्या दोन हातांची होती. कैक वर्षं ते एकाच क्षणी खाली आणि एकाच क्षणी वर गेले होते. डावा चालायला लागला की उजवा त्याच्या मागे, उजवा थबकला की डावाही उभा. "तुझे हात म्हणजे जुळी भावंडं," मास्तर म्हणाले. "एकाला शिंक आली की दुसरा नाक पुसतो." त्यांची शिकवायची तऱ्हा मऊ नव्हती. तिचा डावा चालू असताना ते तिला भाज्यांचे भाव विचारत, सासरच्या माणसांची नावं उलट्या क्रमाने सांगायला लावत, उजव्या खांद्यात पट्टी खुपसत. शेवटी बारमधला पत्र्याचा ट्रे तिच्या पाठीमागे दाणकन आपटत; ट्रेच्या वेळी तुटलेल्या सुरांकडे लक्ष द्यायचं नाही, हे पैलवानाला आधीच सांगितलेलं असे. ट्रे आपटला, की दोन्ही हात वर. दर वेळी.

"उजवा जाऊ दे," मास्तर खेकसत. "उजवा पाहुणा आहे, येतो-जातो. डावा घरधनी. घर पेटलं तरी त्याने चालायचं."

भावाला हे बघवत नसे. "मास्तर, घरी तो ओरडतो, इथे तुम्ही. ताईला कधीतरी सुखाने वाजवू द्या की."

"सुखाने वाजवणारे पुष्कळ असतात. त्यांना कोणी परत बोलवत नाही."

"आणि पैलवानासाठी थांबायचं असतं, त्याचं काय?" तिने विचारलं.

"थांबायचं ते ठरवून. दचकून नव्हे. ज्याला चालू ठेवता येतं, त्यालाच थांबवता येतं."

हे वाक्य भावाने पहिल्याच जबाबात भाबडेपणाने सांगून टाकलं. आता ते आरोपपत्रात आहे.

क्रेनवाला हॉलमध्ये पहिल्यांदा आला तो खुनाच्या काही महिने आधी. प्रेसवाली डाव्या हाताची चाल वाजवत होती आणि मास्तर शेजारी बसून आपल्या उजव्या हाताने वरच्या पट्ट्यांवर सहा सूर दाखवत होते. एका बाकावर दोघं. तो मागून येऊन "ए!" ओरडला. तिचे हात वर गेले. त्याने पट्ट्यांवरचं झाकण धरून खाली आपटलं. तिचे हात तिथे नव्हते. मास्तरांचा होता. मग झाकणावर गुडघा रोवून तो सगळा भार देऊन उभा राहिला. आतून लाकूड मोडल्यासारखा आवाज आला, पण पियानोचं काही मोडलं नव्हतं. सूर मधेच तुटल्यामुळे पैलवान नळी घेऊन वर आला आणि क्रेनवाल्याच्या पोटरीवर दोन रट्टे हाणून त्याने त्याला जिन्यावरून खाली ढकललं. रीत त्या दिवशी चोख चालली. प्रेसवालीच्या हातांनीच पैलवानाला बोलावलं होतं. तिच्या वकीलबाई ह्या गोष्टीवर फार भर देतात.

मास्तरांची उजव्या हाताची तीन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. त्यांनी तक्रार केली नाही. "बोटं गेली हे चारचौघांत झालं, की हॉलची मालकीण उद्या दुसरा माणूस आणेल," ते म्हणाले. मालकिणीला कळू नये म्हणून दोघांनी तोडगा काढला. डावा हात मास्तरांचा, उजवा प्रेसवालीचा. पियानो उभ्या कपाटासारखा आहे आणि त्याची पाठ हॉलकडे आहे, त्यामुळे गिऱ्हाइकांना वाजवणाऱ्यांची फक्त डोकी दिसतात. शेजारी बाई बसल्याने मास्तरांना म्हातारपणी चेव आलाय, असंच लोकांना वाटायचं. क्रेनवाल्याला हॉलची बंदी झाली. घरी त्याने बायकोला एवढंच सांगितलं, "पुढच्या खेपेला तुझे हात."

पण एका माणसाचं काम दोघांनी करणं फार दिवस चालणार नव्हतं. मास्तरांनी तिच्यामागे पुन्हा ट्रेचा धोशा लावला. खुनाच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी ट्रे आपटला, उजवा हात वर गेला, आणि डावा चालत राहिला. फेरी पुरी होईपर्यंत चालत राहिला. मास्तर तरातरा जिना उतरून पैलवानाला सांगायला गेले.

"आता तिच्या कानाशी तोफ डागा. डावा हलायचा नाही!"

"मग मी कशाला बसू इथे?" पैलवान म्हणाला. "घरी जाऊन झोपतो."

दोघं हसले. टायरवाल्यानेही ऐकलं आणि तोही हसला. तो आता सरकारी साक्षीदार आहे. असं पुन्हा कधी झालं का, ह्यावर प्रेसवाली म्हणते, नाही. त्यानंतरच्या प्रत्येक ट्रेला दोन्ही हात वर गेले होते. मास्तर ह्याला दुजोरा देतात, पण हे त्यांनी जिना उतरून कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ती पहिल्यांदाच दोन्ही हातांनी एकटी वाजवणार होती. मास्तर तिच्या डाव्या बाजूला, नेहमीच्या जागी, पण हात मांडीवर. हॉलमध्ये पत्तेवाल्यांचं एक टेबल आणि कोपऱ्यात पेंगणारा एक माणूस. भाऊ कोठीत बर्फ फोडत होता. कोठीला मागच्या गल्लीतून बर्फवाल्यांसाठी एक लाकडी शिडीवजा जिना आहे. क्रेनवाला तिथून आला. तो काय बोलला, ते फक्त भाऊ सांगू शकतो. भावाच्या म्हणण्याप्रमाणे त्याने खिशातून पाना काढला आणि विचारलं, "कुठल्या हाताने वाजवते रे ती? की दोन्ही?" पाना कोठीत सापडला आहे. पुढचं सांगणारा दुसरा माणूस उरलेला नाही.

पहिला घाव भावाने घातला. क्रेनवाल्याने पाना मारून भावाच्या एका हाताचं मनगट फोडलं. तरी हातोडी सुटली नाही, कारण ती दुसऱ्या हातात होती. क्रेनवाला भिंतीवर आपटला, पत्तेवाल्यांनी भिंत हलताना पाहिली. तो बर्फावरून घसरून पडला आणि उठायला लागला. मग दुसरी किंकाळी. मग आवाज फक्त हातोडीचा. एका पत्तेवाल्याने टेबलाखालून ऐकलेली गोष्ट पोलिसांनी दोनदा विचारून घेतली. हातोडीचे घाव पियानोच्या ठेक्यावर पडत होते, असं त्याला वाटलं. दुसरा पत्तेवाला म्हणतो, असं काही नाही, ह्याने चार ग्लास घेतले होते.

वरचे सूर मधे बंद पडले होते, हे मात्र दोघंही सांगतात. खालचे चालू होते.

भाऊ दार उघडून बाहेर आला आणि त्याने हातोडी पियानोच्या माथ्यावर ठेवली. रक्त पुढच्या लाकडावरून ओघळलं. पियानोची फेरी पुरी झाली, शेवटचं घर आलं, सूर नीट संपला. नीट संपला, म्हणून पैलवान तेव्हाही वर आला नाही. शेवटी भावानेच जिन्याच्या तोंडाशी येऊन खाली हाक मारली, "पैलवान, वर ये. आता घाई नाही."

तपास करणारे साहेब आले तेव्हा मास्तर जिन्यावर बसले होते. साहेबांनी सहज विचारावं तसं विचारलं, वाजवत कोण होतं?

"ती. दुसरं कोण?" मास्तर म्हणाले. "एक ठोका चुकली नाही, साहेब. पलीकडे माणूस मरतोय आणि डावा हात घड्याळासारखा. मी शिकवलाय तो."

उमर सगळी शागीर्द न लाभलेल्या माणसाने केलेलं ते कौतुक होतं. साहेबांनी ते शब्द न शब्द उतरवून घेतलं आणि प्रेसवालीला खाली गाडीत बसवलं. मास्तरांना आपण काय बोललो, ते गाडीचं दार लागल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते ठाण्यात हजर झाले.

"डावा हात माझा होता."

"काल तुम्ही म्हणालात तिचा होता."

"काल मी मूर्खासारखा बोललो. तिचे दोन्ही हात वर गेले. चाल मोकळी पडली. शेजारी बसलेल्याने ती उचलायची, हे मला कोणी शिकवलेलं नाही, ते आपसूक होतं. पडणारं पोर धरायला कोण विचार करतं?"

"म्हणजे तुम्ही वाजवलंत, म्हणून पैलवान आला नाही, म्हणून तो मेला."

"ते मला तेव्हा कुठे सुचलं?"

"मास्तर," साहेब म्हणाले, "तुमचा उजवा हात टेबलावर ठेवा बघू."

मास्तरांनी ठेवला. तीन बोटं आत वळलेलीच राहिली. साहेबांनी त्याकडे बराच वेळ पाहिलं. डावा हात खरंच मास्तरांचा असेल, तर तो सवयीने चालला की सुडाने, हा नवा प्रश्न आहे. आणि मास्तर तिला वाचवायला खोटं बोलत असतील, तर प्रश्न जुनाच राहतो. साहेबांना दोन्ही शक्य वाटतात.

प्रेसवालीचा जबाब पहिल्यापासून एकच आहे. "ओरडणं ऐकलं. हात वर गेले. दोन्ही. आणि गाणं चालूच! मला वाटलं माझाच हात वाजवतोय. मग वर बघितलं, तर माझे हात तर माझ्या डोक्यावर."

"मग तुम्ही ओरडला का नाहीत? पैलवानाला हाक का नाही मारलीत?"

"त्याच्या आवाजावर आवाज चढवायचं मी केव्हाच सोडलंय, साहेब."

"आवाज तुमच्या नवऱ्याचा आहे, हे ओळखलंत तर."

त्यावर ती गप्प राहिली. हे गप्प राहणंही जबाबात नमूद आहे.

वकीलबाईंनी मागणी केली की पोलिसांनी पियानोला लावलेलं सील काढून, त्याच जागी, तीच माणसं बसवून बघावं. मागच्या गुरुवारी सकाळी तसं केलं गेलं. पियानोवरचं रक्त वाळून काळं पडलं होतं. प्रेसवालीला पोलीस गाडीतून आणलं. मास्तर तिच्या डाव्या बाजूला बसले. साहेब मागे उभे राहिले आणि त्यांनी मास्तरांना दोन्ही हात मांडीवर ठेवायची सक्त ताकीद दिली. कोठीत जाऊन किंकाळी मारायचं काम पैलवानाकडे आलं. तो दारातून परत फिरला.

"साहेब, ओरडू कसं? मरतोय तसं, की मारतोय तसं?"

"जसं येईल तसं ओरड बाबा."

प्रेसवालीने मास्तरांकडे न बघता हळूच विचारलं, "मास्तर, तो तुमचाच होता ना हो?"

"तू वाजव," मास्तर म्हणाले.

तिने सुरुवात केली. इतक्या दिवसांत पियानोला हात लावला नव्हता, पहिल्या घरात बोटं अडखळली, मग चालायला लागली. चार घरं झाली, ती म वर गेली. उजव्या हाताने काटा गाठला आणि पैलवान ओरडला. तो इतका भयंकर ओरडला, की टायरवाला पाना टाकून रस्त्यावर आला.

तिचे दोन्ही हात वर गेले. डोक्याच्या वर, तळवे उघडे, बोटं ताठ. चाल तुटली नाही. मास्तरांचा डावा हात पट्ट्यांवर होता.

"मास्तर, हात!" साहेब ओरडले.

हात थांबला नाही. परत सा वर दोन घरं, प वर एक, म वर एक, शेवटची दोन आपल्या घरी. मग तो उठून मांडीवर येऊन पडला. प्रेसवालीचे हात अजून वरच होते. कोणीतरी ते खाली घ्यायला सांगेपर्यंत ते तिथेच राहिले.

"मुद्दाम वाजवलंत?" साहेबांनी विचारलं.

"कोणी?" मास्तर म्हणाले.

वकीलबाईंच्या मते ह्याने सगळं सिद्ध झालं. सरकारी वकिलांच्या मते काहीच नाही. किंकाळी येणार, हे बाईला आधीपासून ठाऊक होतं आणि काय केलं म्हणजे कोणाची सुटका होईल, हे म्हाताऱ्याला. साहेबांनी आपलं मत दिलेलं नाही. झाकण लावून पियानोला पुन्हा सील करायचं होतं, पण ते झाकण खाली घ्यायला बराच वेळ कोणी पुढे झालं नाही. शेवटी पैलवानाने दोन्ही हातांनी धरून ते हळू टेकवलं.

जाताना साहेबांनी मास्तरांना सांगितलं की सोमवारी येऊन शेवटचा जबाब द्यायचा आहे, त्यानंतर बदल चालणार नाही. हात तुमचा म्हणालात तर तुम्हालाही आत घ्यावं लागेल की नाही, हे कोर्ट बघेल. नाही म्हणालात, तर पहिल्या दिवशीचा जबाब कायम.

सोमवारी सकाळी मास्तर ठाण्यात आले. स्वच्छ सदरा होता आणि हातात कपड्यांची लहान पिशवी. साहेब कोर्टात गेले होते. मास्तर बाहेरच्या बाकावर बसून राहिले. हवालदाराने चहा विचारला, त्यांनी घेतला. दुपारी प्रेसवालीच्या जामिनाचा अर्ज पुढच्या तारखेवर गेल्याचं कोणीतरी बोलताना त्यांच्या कानावर पडलं. संध्याकाळी साहेबांचा निरोप आला की आज जमणार नाही, उद्या यावं. मास्तर उठले आणि पिशवी बाकाखाली ठेवू का, म्हणून त्यांनी विचारलं. हवालदार म्हणाला, घेऊन जा.

कोणता जबाब द्यायला ते आले होते, ते त्यांनी अजून कोणालाही सांगितलेलं नाही.